एस्ट्रॅडिओल पॅच: पाचपैकी चार स्टार, पण पहिल्या दोन महिन्यांत स्टार देऊ नका

एचआरटी, म्हणजे आम्ही ट्रान्स स्त्रिया घेतो ती हार्मोन थेरपी, नुकतीच चालू केलेल्या मुलींशी बोलणं झालं की हमखास हाच प्रश्न येतो, ताई दीड महिना झाला पॅच लावतेय, आरशात काहीच फरक नाही, डोस कमी पडतोय का, कंपनी बदलू का, की औषधच बोगस आहे. एकेकीला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा म्हटलं पॅचचा नीट रिव्ह्यूच लिहावा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण आतलं औषध तेच असतं, एस्ट्रॅडिओल, म्हणजे शरीरात बनतं तेच इस्ट्रोजेन, फरक असतो तो गोंदाचा आणि चिकटपट्टीच्या आकाराचा. आणि हे सगळं डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, तपासण्या चालू असलेल्या औषधाबद्दल आहे, स्वतःच्या मनाने मागवून लावलेल्याबद्दल नाही.

आधी वस्तूबद्दल. छोटी पारदर्शक पट्टी, ओटीपोटावर नाहीतर नितंबाच्या वरच्या भागावर लावायची, छातीवर अजिबात नाही. (छातीवर लावला तर तिथे लवकर वाढ होईल असं काहीजणींना वाटतं. तसं होत नाही, औषध रक्तातूनच सगळीकडे जातं.) मी वापरते ते पॅच आठवड्यातून दोनदा बदलायचे असतात, काही प्रकार आठवडाभर चालतात, तुमच्या पाकिटावर काय आहे ते बघा. दर वेळी जागा बदलायची आणि त्याच जागेवर निदान आठवडाभर परत लावायचा नाही नाहीतर खाज सुटते. आंघोळीनंतर त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्यायची, त्या भागावर लोशन-तेल काही नको, मग लावून तळहाताने दहा सेकंद दाबून धरायचं आणि कडांवरून बोट फिरवायचं. कडा सुटायला लागतात त्या नेहमी कमरेच्या पट्ट्याखाली, जिथे इलॅस्टिक घासतं, म्हणून मी त्या रेषेच्या जरा खाली लावते. निघालाच तर तोच परत चिकटवायचा, नाहीच चिकटला तर नवा लावायचा पण बदलायचा वार पूर्वीचाच ठेवायचा. काढल्यावर राखाडी गोंदाची चौकट उरते ती पाण्याने जात नाही, थोडं तेल चोळलं की जाते. वापरलेला पॅच चिकट बाजू आत येईल असा दुमडून लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका, त्यात औषध शिल्लक असतं.

एक स्टार कापलाय तो या गोंदासाठी आणि घामाच्या दिवसांत होणाऱ्या लालसर चौकोनांसाठी. बाकी औषध म्हणून माझी काही तक्रार नाही. गोळी आधी यकृतातून जाते, पॅचमधलं औषध थेट त्वचेतून रक्तात जातं, त्यामुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका पॅचमध्ये कमी धरतात आणि वय जास्त असेल किंवा घरात गुठळ्यांचा इतिहास असेल तर डॉक्टर बहुतेक वेळा पॅच किंवा जेलच सुचवतात. तरी सिगरेट ओढत असाल तर ती सोडा आणि एका पायाची पोटरी अचानक सुजली, दुखली किंवा दम लागून छातीत दुखलं तर वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत जा. या एका गोष्टीत पेशन्स ठेवायचा नाही.

बाकी सगळ्यात ठेवायचा.

आता मुद्द्याचं. दीड महिन्यात काही दिसलं नाही म्हणून औषधाला नापास करायचं ठरवलं तर जगातलं कुठलंच इस्ट्रोजेन पास होणार नाही, मग ते पॅच असो, जेल, गोळी किंवा इंजेक्शन. एंडोक्राइन सोसायटीची (हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरांची संघटना) २०१७ ची गाइडलाइन आहे, नंतर डब्ल्यूपाथच्या (ट्रान्सजेंडर आरोग्यावर काम करणारी जागतिक संघटना) गाइडलाइनची आठवी आवृत्ती २०२२ मध्ये आली, दोन्हींमध्ये कुठला बदल कधी सुरू होतो आणि कधीपर्यंत चालतो याचा तक्ता आहे. छातीची वाढ सुरू व्हायला ३ ते ६ महिने. अंगावरची चरबी वेगळ्या जागी बसायला सुरुवात ३ ते ६ महिने. त्वचा मऊ होणं, स्नायू कमी होणं, तेही ३ ते ६ महिने. अंगावरचे केस विरळ व्हायला ६ ते १२ महिने. आणि या फक्त सुरुवाती झाल्या हं, पूर्ण परिणाम दिसायला २-३ वर्षं, डब्ल्यूपाथच्या तक्त्यात छाती आणि चरबीसाठी तर ५ वर्षांपर्यंत धरलंय. दीड महिन्याला या तक्त्यात जवळजवळ काहीच येत नाही, तुमचं शरीर मागे पडलेलं नाहीये.

पहिल्या ३ महिन्यांत जे होतं ते बहुतेक डोळ्याला दिसणारं नसतंच, आणि हे कुणी आधी सांगत नाही म्हणून मुली घाबरतात. सकाळी आपोआप येणारी ताठरता कमी होते, कामेच्छा कमी होते किंवा तिची तऱ्हाच बदलते, हे १ ते ३ महिन्यांत सुरू होतं. माझ्याकडे तेलकटपणा आधी गेला, चष्म्याच्या नाकावरच्या पॅडवर दुपारपर्यंत जो चिकट थर जमायचा तो जमेनासा झाला, चेहरा होता तसाच पण चष्मा घसरायचा थांबला. घामाचा वास बदलला. आरशात शोधायला गेलात तर यातलं एकही सापडणार नाही. म्हणून सांगते की सुरुवातीला बघू नका, जाणवतंय का ते विचारा.

मग येते ती गाठ. स्तनाग्राच्या बरोबर मागे, बटणासारखी चपटी, कडक, दाबली की कळवळायला होतं. ही दिसायच्या खूप आधी हाताला लागते, आणि बहुतेक वेळा एका बाजूला आधी येते, दुसरी बाजू मागाहून, त्यामुळे मध्ये बराच काळ दोन्ही बाजू वेगवेगळ्या असतात आणि मुली हबकतात. वयात येणाऱ्या कुठल्याही मुलीला हेच होतं, तेव्हाही एक बाजू पुढे असते. सीटबेल्ट, दाराची कड, कुणीतरी घट्ट मारलेली मिठी, पालथं झोपणं, सगळ्याने दुखतं. या काळात तार नसलेली मऊ सुती ब्रा किंवा शिवण आतून टोचणार नाही अशी बनियान घ्या, पॅडेड महागडी काही घेऊ नका, माप बदलत राहणार आहे. मग काही आठवडे दुखणं एकदम थांबतं, आणि परत प्रश्न सुरू की औषध बंद पडलं का. नाही पडलं. वाढ अशीच टप्प्याटप्प्याने होते, मध्ये थांबते, परत दुखायला लागतं. मात्र गाठ मध्यावर नसून बाजूला लागली, हलतच नसेल किंवा स्तनाग्रातून रक्तासारखं काही आलं तर ते डॉक्टरांना दाखवायचं, ते या वाढीतलं नाही.

डोस वाढवला की लवकर होईल, हे सगळ्यात जास्त ऐकते आणि सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. युरोपातल्या काही क्लिनिक्सनी मिळून २२९ ट्रान्स स्त्रियांची पहिल्या वर्षातली छातीची वाढ मोजली होती, अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. वर्षाअखेरीस जवळपास निम्म्यांचं माप सगळ्यात छोट्या कपापेक्षाही कमी होतं, आणि रक्तातलं एस्ट्रॅडिओल किती होतं यावरून कुणाची वाढ किती झाली ते सांगता येत नव्हतं. म्हणजे जास्त आकडा म्हणजे जास्त छाती असं गणित निघालंच नाही. हे वाचून मन खट्टू होईल, मला माहितीये, पण एक वर्ष म्हणजे शेवट नाही आणि शेजारणीशी तुलना करण्यात अर्थ नाही हे दोन्ही त्यातूनच कळतं. जादा पॅच लावून हाती येतो तो फक्त धोका.

औषध काम करतंय का हे बघायचं असेल तर आरसा नको, रिपोर्ट बघा. पहिल्या वर्षी साधारण दर ३ महिन्यांनी रक्त तपासतात. एंडोक्राइन सोसायटीच्या हिशोबाने एस्ट्रॅडिओल १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली हवं. नुसत्या पॅचने टेस्टोस्टेरॉन पुरेसं खाली येतंच असं नाही, म्हणून सोबत ब्लॉकर, म्हणजे टेस्टोस्टेरॉन दाबणारं औषध, असतो, आणि तो स्पायरोनोलॅक्टोन असेल तर पोटॅशियमही तपासायचं असतं. हे दोन आकडे जागेवर असतील तर बाकीचं काम वेळेचं आहे. आकडे जागेवर नसतील तर मात्र गप्प बसू नका, पेशन्स म्हणजे रिपोर्ट चुकीचे येत असताना हातावर हात ठेवून बसणं नव्हे. मला एका ठिकाणी 'वाट बघा' एवढंच सांगून रिपोर्ट न बघता परत पाठवलं होतं, नाव घेत नाही, पण तेव्हा रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे गेले ते बरं झालं. (जेल वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट, ज्या दंडाला जेल लावता त्या हातातून रक्त देऊ नका, आकडा उगीच फुगलेला येऊ शकतो.)

चरबीबद्दल गैरसमज आहे तो पण सांगून टाकते. पोटावरची चरबी उचलून कमरेवर जाऊन बसत नाही. नवी जी साठते ती मांड्या, नितंब, गाल इथे जास्त साठायला लागते, जुनी आपल्या वेगाने खर्च होते, म्हणून याला वर्षं लागतात. गालांचा फरक रोज बघणाऱ्याला कळतच नाही. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी, मेकअप न करता फोटो काढा आणि लगेच बघू नका, सहा महिन्यांनी सगळे एकत्र उघडा. छातीसाठी टेप, छातीच्या खालचं माप आणि सगळ्यात पुढच्या भागावरचं माप, दोन्ही लिहून ठेवा, महिन्यातून एकदाच. रोज मोजणाऱ्या मुलींना मी रडताना बघितलंय.

आणि जे पॅच करणार नाही त्याची वाट बघण्यात वर्षं घालवू नका. दाढी जात नाही, फार तर वाढ थोडी मंदावते. त्यासाठी लेझर, तोही काळ्या केसांवरच चालतो, पांढऱ्या-सोनेरी केसांना इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे बारीक सुईतून वीज देऊन एकेका केसाचं मूळ मारणं. दोन्हीला खूप सिटिंग्ज लागतात म्हणून हार्मोन्सची वाट न बघता सुरू करता येतं. आवाज बदलत नाही, वयात येताना जाड झालेले स्वरतंतू इस्ट्रोजेनने परत बारीक होत नाहीत, आवाजाचा सराव वेगळा करावा लागतो. डोक्यावरचे केस गळणं थांबू शकतं, पण टक्कल पडलेल्या जागी सगळे परत येतील असं धरून चालू नका. या तिन्ही गोष्टींवर तुम्ही आजपासून हात चालवू शकता, आणि मला विचाराल तर वाट बघण्याचे ते महिने ढकलायला याच्याइतका उपयोगी उद्योग दुसरा नाही.

अजून पॅच उघडलाही नसेल तर एक, पुढे स्वतःचं मूल व्हावं असं थोडंही मनात असेल तर शुक्राणू साठवण्याबद्दल डॉक्टरांशी आधी बोला, कारण या औषधाने प्रजननक्षमता कमी होते आणि ती परत येईलच याची खात्री कुणी देत नाही.

कुणी घ्यावा? ज्यांना रोज गोळीची आठवण ठेवायला कंटाळा येतो, गुठळीची काळजी आहे, त्यांनी डॉक्टरांना पॅचबद्दल जरूर विचारा. ज्यांची त्वचा चिकटपट्टीला लगेच चिडते त्यांनी जेलचं विचारा. आणि शेवटचं पाकीट उघडलं की त्याच दिवशी पुढचं मागवा, दुकानात स्टॉक नसतो तेव्हा तो आठवडा-आठवडा येत नाही.