ओशॅनिक भाषांच्या वाक्यरचनेचा ऑनलाइन कोर्स: पैसे वसूल, कॅप्शन सोडून

गेल्या पावसाळ्यात आठ शनिवारचा एक ऑनलाइन कोर्स केला, पॅसिफिकमधल्या ओशॅनिक भाषांची वाक्यं काळाबरोबर कशी बदलत गेली यावर. मॅडम न्यूझीलंडहून शिकवायच्या, आपल्याकडे दुपारी साडेबारा म्हणजे त्यांच्याकडे संध्याकाळचे सात. फी साडेचार हजार. घरात थोडी कुरकुर झाली होती, पण मला आता कोणी विचारलं तर मी डोळे झाकून हो म्हणेन.

पहिले दोन शनिवार नकाशे आणि भाषांची कुळं यातच गेले. पापुआ न्यू गिनीजवळच्या बिस्मार्क द्वीपसमूहातून तीन हजार वर्षांपूर्वी लोक होड्यांनी पूर्वेकडे गेले, आजच्या साडेचारशेच्या आसपास भाषा एकाच मूळ भाषेतून आल्या वगैरे. हे जरा लांबलं.

तिसऱ्या शनिवारी टाकिया भाषा आली आणि तिथून कोर्स खरा सुरू झाला. टाकिया बोलतात पापुआ न्यू गिनीतल्या कारकार बेटावर. त्याच बेटावर वास्किया बोलणारे लोकपण राहतात, आणि वास्किया ओशॅनिक नाहीच, पापुअन, म्हणजे कूळच वेगळं. मॅडमनी एक वाक्य लिहिलं, 'तामोल आन ङाइ इफुनागदा'. तामोल म्हणजे माणूस, आन म्हणजे तो, ङाइ म्हणजे मी किंवा मला, आणि शेवटच्या एका शब्दात 'तो मला मारतोय' हे सगळं. क्रम बघा, तो माणूस मला मारतोय, आपलाच की! बहुतेक ओशॅनिक भाषांत क्रियापद आधी आणि कर्म त्याच्या मागून येतं, पण टाकियाचं क्रियापद शेवटी गेलं कारण पिढ्यान्‌पिढ्या शेजार वास्कियाचा आणि वास्कियात ते शेवटीच असतं. शब्द घरचे ठेवले, वाक्याचा साचा शेजाऱ्याचा उचलला. भाषाशास्त्रज्ञ माल्कम रॉस यांनी 1996 च्या लेखात याला मेटाटायपी म्हटलंय.

मग मॅडम म्हणाल्या याचं गाजलेलं उदाहरण इंडियात आहे, 'कुपवार'. मी मिरजेचा, तरी मिनिटभर लक्षात आलं नाही की हे आपलं कुपवाड! गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी 1971 मध्ये लिहिलंय की तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू बोलायला वेगवेगळ्या पण वाक्याची बांधणी इतकी एकसारखी झालीय की शब्दाच्या जागी शब्द ठेवला की भाषांतर होतं. एमआयडीसीच्या पलीकडे आपण त्या गावाचा कधी विचारच करत नाही. खूप भरून आलं त्या दिवशी.

पाचवा शनिवारपण मस्त. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत 'घरात' म्हणायला 'इ रोटो इ ते फारे', म्हणजे आधी 'आत' आणि घर सगळ्यात शेवटी. पापुआ न्यू गिनीच्या राजधानीकडच्या, म्हणजे पोर्ट मोर्सबीकडच्या मोटू भाषेत तेच 'रुमा लालोनाइ', घर आधी आणि 'आत' नंतर, हुबेहूब घराच्या आत. मोटूतही क्रियापद शेवटी जातं, आणि क्रियापद शेवटी गेलं की असे शब्दही नामाच्या मागे जाऊन बसतात हे त्यांनी इतकं सावकाश उलगडून दाखवलं की भाषाशास्त्र न शिकलेल्यालाही कळेल.

सामोआ बेटांवरच्या सामोअन भाषेत 'मुलाने मासा खाल्ला' यातल्या 'ने'सारखा एक 'ए' असतो, कर्त्याच्या आधी लागतो. तो जुन्या कर्मणी रचनेतून आला की उलट झालं यावर अभ्यासकांचा जुना वाद आहे. आपला 'ने'वाला भूतकाळ संस्कृतच्या 'खादितः'सारख्या कर्मणी रूपांमधून आलाय, त्यामुळे मराठी माणसाला हा वाद पटकन समजतो. पण यावर फक्त वीस मिनिटं दिली. याला अख्खा शनिवार द्यायला पाहिजे होता.

तक्रारी आहेत. कॅप्शन आपोआप बनणारी असल्याने टाकियाच्या वाक्यांची पार वाट लागली होती, 'ङाइ'च्या जागी दरवेळी नवाच इंग्रजी शब्द. सहाव्या तासाच्या रेकॉर्डिंगला आवाजच नव्हता आणि मेल करूनही नीट फाइल यायला तीन आठवडे गेले. स्वाध्यायांची उत्तरं मागून घ्यावी लागतात.

इंग्रजी बऱ्यापैकी समजत असेल आणि मराठीत विचार करत असाल तर नक्की करा, पहिले दोन शनिवार दम धरा, आणि तिसऱ्याला वही-पेन घेऊनच बसा. पाचपैकी साडेचार.