फेमाचे मोफत कोर्स आणि पदवीचं क्रेडिट: वर्षभराच्या वापरानंतर

फेमाचे, म्हणजे अमेरिकन सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे, ऑनलाइन कोर्स फुकट आहेत, चांगले आहेत आणि त्यांचं कॉलेजचं क्रेडिटही (पदवीसाठी मोजलं जाणारं अभ्यासाचं एकक) होऊ शकतं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण क्रेडिट आपोआप होत नाही. त्यासाठी मध्ये एक दुसरं कॉलेज लागतं, थोडे पैसे लागतात आणि ज्या कॉलेजातून पदवी घ्यायची त्याचा होकार लागतो. गेलं वर्षभर मी यातूनच जातेय, म्हणून सविस्तर लिहिते. लग्न होऊन अमेरिकेत आलेल्या आणि शिक्षण अर्धवट राहिलेल्या आपल्या बायकांना याचा उपयोग व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

मी न्यू जर्सीत सॉमरसेट काउंटीत राहते. माहेर शिरोळ तालुक्यातलं. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सुटलं ते सुटलंच. मुलं मोठी झाल्यावर इथल्या एका कॉलेजात सार्वजनिक प्रशासनाच्या पदवीला प्रवेश घेतला. आपत्ती व्यवस्थापनाकडे वळले ते पुरांमुळे. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत कृष्णा आणि पंचगंगा चढल्या, पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, आणि मी इथे फोन हातात धरून बसले होते. दोन वर्षांनी, १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री, आयडा वादळाचा उरलासुरला पाऊस न्यू जर्सीवर कोसळला. जवळच्या मॅनव्हिलमध्ये रॅरिटन नदी घराघरांत शिरली. राज्यात ३० माणसं गेली, त्यातली बरीचशी गाडीत अडकून. त्यानंतर मी गावच्या सर्ट पथकात, म्हणजे कम्युनिटी इमर्जन्सी रिस्पॉन्स टीममध्ये, स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. तिथल्या प्रशिक्षकांनी फेमाचे आयएस-१०० आणि आयएस-७०० हे कोर्स (आयएस म्हणजे इंडिपेंडंट स्टडी, घरबसल्या स्वतः शिकायचे) करायला सांगितलं आणि मी त्यात गुंतत गेले.

हे कोर्स फेमाच्या इमर्जन्सी मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटचे. संस्था मेरीलँडमधल्या एमिट्सबर्गला आहे. अलीकडे तिचं नाव बदलून नॅशनल डिझास्टर अँड इमर्जन्सी मॅनेजमेंट युनिव्हर्सिटी झालंय. नावात युनिव्हर्सिटी आलं म्हणून प्रमाणपत्राचं क्रेडिट झालं असं मात्र धरू नका. सुरुवातीला फेमाचा स्टुडंट आयडी काढायचा. तो सोशल सिक्युरिटी नंबरपेक्षा वेगळा असतो आणि पुढे सगळीकडे तोच लागतो. मग धडे वाचायचे आणि शेवटी बहुपर्यायी परीक्षा द्यायची. पास व्हायला ७५ टक्के लागतात. प्रमाणपत्र ईमेलवर येतं. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवता येतं, म्हणून काही जण धडे न वाचता थेट प्रश्नांवर जातात, आणि उत्तरं विकणाऱ्या साइटही आहेत. कृपा करून त्यांच्या वाटेला जाऊ नका. प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं हे एक. दुसरं म्हणजे उद्या पुराच्या रात्री तुम्ही निवारा केंद्रावर उभ्या असाल, तेव्हा ती विकत घेतलेली उत्तरं कुणाच्याही उपयोगी पडणार नाहीत.

आता क्रेडिटचं. प्रमाणपत्रावर सीईयू, म्हणजे कंटिन्युइंग एज्युकेशन युनिट, लिहिलेलं असतं. एक सीईयू म्हणजे दहा तासांचं प्रशिक्षण. नोकरीतल्या प्रशिक्षणाच्या नोंदीसाठी ते ठीक आहे, पण कॉलेजचं एक सेमिस्टर क्रेडिट म्हणजे ढोबळमानाने पंधरा तास वर्गात आणि त्याच्या दुप्पट घरी. आयएस-१०० सारखा कोर्स दोनेक तासांत होतो. कॉलेजवाले प्रमाणपत्र पाहून नकारार्थी मान हलवतात, त्यामागे हा हिशेब आहे. त्यात त्यांचा आडमुठेपणा नाही.

यातला दुवा म्हणजे फ्रेडरिक कम्युनिटी कॉलेज. एमिट्सबर्ग फ्रेडरिक काउंटीतच येतं, त्यामुळे हे शेजारचं कॉलेज आणि फेमाची संस्था यांचं नातं जुनं आहे. तुम्ही फेमाचा कोर्स पास करायचा, मग या कॉलेजकडे अर्ज करून प्रति क्रेडिट शुल्क भरायचं, आणि ते त्या कोर्सचं क्रेडिट स्वतःच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर, चढवतात. कॉलेजला मिडल स्टेट्स कमिशनची (कॉलेजांना मान्यता देणारी संस्था) मान्यता आहे, आणि सगळी किंमत या मान्यतेचीच आहे. पुढचं कॉलेज प्रमाणपत्राकडे पाहत नाही, मान्यताप्राप्त कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टकडे पाहतं. म्हणजे शिकणं फुकट, क्रेडिट फुकट नाही. तरीही मी ज्या कॉलेजात शिकते तिथल्या एका क्रेडिटच्या फीपुढे हा खर्च फारच कमी पडला. शुल्क वेळोवेळी बदलतं, म्हणून आकडा त्यांच्याकडेच बघा. फेमाचे सगळेच कोर्स क्रेडिटच्या यादीत नाहीत, तेव्हा यादी आधी उघडा आणि कोर्स मग निवडा.

कोर्सच्या नंबरापुढचं अक्षरही नीट बघा. आयएस-१०० च्या पुढे आता सी आहे, आधी बी होतं. अक्षर बदललं की मजकूर सुधारलेला असतो, पण कॉलेजच्या दृष्टीने कोर्स तोच. जुन्याचं एकदा क्रेडिट घेतलं असेल तर नव्याचं पुन्हा मिळत नाही. आमच्या पथकातल्या एका ताईंकडे जुनी प्रमाणपत्रं भरपूर होती. त्यांचा सगळा हिशेब या अक्षरांपाशी अडला होता.

माझ्या कॉलेजचा अनुभव सांगते. बाहेरची क्रेडिट तपासणाऱ्या त्यांच्या मूल्यमापन कार्यालयाने पहिल्या फेरीत सगळी क्रेडिट नाकारली. उत्तर एका ओळीचं: सरकारी प्रशिक्षणाला क्रेडिट दिलं जात नाही. मी पाठवलेली ट्रान्सक्रिप्ट फेमाची नव्हतीच, कम्युनिटी कॉलेजची होती, पण कोर्सची नावं बघून त्यांनी शिक्का मारला असावा. उत्तर यायला दीड महिना लागला आणि तोवर त्या सेमिस्टरची नोंदणी बंद झाली. याचा मला खरंच राग आला. प्रौढ वयात, घर आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्या बाईचा एक सेमिस्टर किती मोलाचा असतो, हे कार्यालयात बसलेल्या माणसांना कळायला हवं. मी अपील केलं. प्रत्येक कोर्सचं कॉलेजच्या कॅटलॉगमधलं वर्णन जोडलं, मान्यतेचा तपशील दिला, आणि माझ्या सल्लागार बाईंनी दोन ओळींचं पत्र जोडलं. मग बहुतेक क्रेडिट मान्य झाली. संवादकौशल्याचा आयएस-२४२ मात्र गेला, कारण भाषणकलेचा विषय मी आधीच घेतलेला होता आणि त्यांना ती पुनरावृत्ती वाटली.

मान्य झाली ती मुक्त ऐच्छिक (फ्री इलेक्टिव्ह) म्हणून. हे नीट समजून घ्या, कारण उत्साहात इथेच गल्लत होते. बॅचलर पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, पण त्यातली बरीच ठरावीक विषयांची आणि वरच्या पातळीची असावी लागतात. फेमातून आलेली क्रेडिट खालच्या पातळीची धरली जातात. ती मुख्य विषयाची जागा घेत नाहीत, मोकळ्या जागा भरतात. माझ्या पदवीत मोकळ्या जागा बऱ्याच होत्या, म्हणून जवळजवळ एका सेमिस्टरचं काम हलकं झालं. ज्यांच्या पदवीत मोकळी जागाच नाही, उदाहरणार्थ नर्सिंग किंवा इंजिनिअरिंग, त्यांनी क्रेडिटसाठी पैसे घालू नयेत. कोर्स खुशाल करावेत. बाहेरची क्रेडिट मोठ्या प्रमाणावर घेणारी कॉलेजं हवी असतील तर ट्रेंटनची थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी, कनेक्टिकटचं चार्टर ओक आणि न्यूयॉर्कचं एक्सेलसियर ही नावं प्रौढ विद्यार्थ्यांच्या तोंडी असतात. त्यांचेही नियम बदलत आलेत, तेव्हा कुणाचा जुना अनुभव वाचून पैसे भरू नका.

क्रेडिट बाजूला ठेवलं तरी कोर्स करण्यासारखे आहेत का? माझं उत्तर हो. मात्र सगळे सारखे नाहीत. आयएस-७०० आणि आयएस-८०० कोरडे आहेत, सरकारी आराखड्याची भाषा आहे, एका बैठकीत उरकून टाका. आयएस-१०० मात्र सावकाश वाचा, तो आपत्तीत कुणी कुणाच्या हाताखाली काम करायचं यावरचा आहे. १९७० साली कॅलिफोर्नियात तेरा दिवस वणवे पेटले. १६ माणसं गेली, ७०० इमारती जळाल्या. नंतर लक्षात आलं की माणसं किंवा बंब कमी पडले नव्हते. वेगवेगळ्या विभागांच्या रेडिओची भाषा वेगळी होती, हुद्दे वेगळे होते, आणि कुणी कुणाचं ऐकायचं हे ठरलेलं नव्हतं. त्यातून इन्सिडेंट कमांड सिस्टिम जन्माला आली. एक प्रमुख, त्याच्या हाताखाली कार्यवाही, नियोजन, साधनपुरवठा आणि हिशेब. एका माणसाच्या हाताखाली साधारण पाच जण. रेडिओवर सांकेतिक आकडे नाहीत, साधी भाषा. आमच्या पथकात परवा वीज गेल्यावर वृद्धाश्रमात फेरी मारायची होती, तेव्हा याच पद्धतीने पंधरा मिनिटांत कामं वाटली गेली.

मला सगळ्यात आवडलेला कोर्स आयएस-२६, मदतवाटप केंद्रांवरचा. यात गणित आहे, आणि ते माझ्या मनातून जात नाही. माणशी दिवसाला तीन लिटर पाणी आणि दोन जेवणाची पाकिटं. एक गाडी म्हणजे तीन माणसांचं कुटुंब धरायचं. सगळ्यात लहान केंद्रातून तासाला १४० गाड्या सुटतात. बारा तास चालवलं तर पाच हजार माणसांची सोय होते. मधलं केंद्र दहा हजारांचं, मोठं वीस हजारांचं, आणि त्यात तासाला ५६० गाड्या. लोकांनी गाडीतून उतरायचं नाही, रांग पुढे सरकत राहते आणि स्वयंसेवक डिकीत सामान ठेवतात. हे वाचताना मला २०१९ चे दिवस आठवले. महाराष्ट्रभरातून ट्रक भरून कपडे, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या आल्या, लोकांनी जीव ओतून मदत केली. पण रस्त्याकाठच्या गावात सामानाचा ढीग आणि आतल्या वाडीवर काही नाही, असं किती ठिकाणी झालं! तीन लिटर आणि दोन पाकिटं हा हिशेब आमच्या तालुक्याच्या ठिकाणी कुणीतरी कागदावर मांडायला हवा होता. गाड्यांच्या जागी ट्रॅक्टर आणि होड्या धरायच्या, गणित तेच राहतं.

आयएस-१११ हा जनावरांवरचा आहे. अमेरिकेतल्या गोठ्यांसाठी लिहिलाय, तरी शिरोळच्या माणसाने वाचावा असा. जनावरं आधी हलवायची, वाहनं आणि चारा आधी ठरवायचा, प्रत्येक जनावरावर ओळखीची खूण करायची, कारण पाणी ओसरल्यावर कुणाची म्हैस कुठली हे सापडत नाही. आमच्याकडे म्हशी सोडून निघणार नाही म्हणून किती माणसं पाण्यात थांबली! जनावरांची सोय आधी झाली तर माणसं वेळेत निघतात, हे मी माझ्या भावाला फोनवर वाचून दाखवलं. त्याने ते ग्रामपंचायतीत सांगितलं.

प्रोफेशनल डेव्हलपमेंट सिरीज म्हणून सात कोर्सचा एक संच आहे: आयएस-१२०, २३०, २३५, २४०, २४१, २४२ आणि २४४. पूर्ण केल्यावर वेगळं प्रमाणपत्र मिळतं. त्यातला आयएस-२३५ नियोजनाचा कोर्स पदवीच्या अभ्यासात कामी आला, गावाचा आपत्ती आराखडा हा निबंध मी त्याच्याच चौकटीवर बांधला. २४४ स्वयंसेवकांवर आहे, पथकात काम करणाऱ्यांनी आधी तोच करावा. २४१, निर्णय घेण्याचा, मला फार वरवरचा वाटला.

भारतातल्या वाचकांसाठी वाट वेगळी आहे. तिकडच्या पदवीत ऑनलाइन क्रेडिट हवं असेल तर स्वयं हे सरकारी ऑनलाइन कोर्सचं पोर्टल बघा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयंवरून घेता येतात, पण विद्यापीठाने तो कोर्स मान्य केलेला असला पाहिजे. शिकणं फुकट, परीक्षेचं शुल्क असतं, आणि क्रेडिट अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या डिजिटल खात्यात, जमा होतं. याच विषयात पूर्ण पदवी करायची असेल तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाचं स्वतंत्र स्कूल आहे.

अमेरिकेत सुरुवात करणार असाल तर पैसे भरण्याआधी तुमच्या कॉलेजच्या मूल्यमापन कार्यालयाला ईमेल करा, फोनवर विचारू नका. तीन गोष्टी लेखी मागा: फ्रेडरिकच्या ट्रान्सक्रिप्टवरची आपत्ती व्यवस्थापनाची क्रेडिट घेता का, ती ऐच्छिक धरणार की मुख्य विषयात, आणि बाहेरून एकूण किती क्रेडिट चालतात. सल्लागाराला सीसीमध्ये ठेवा. नोंदणीची तारीख किमान दोन महिने लांब असताना हे पाठवा.