रांग चुकवायला गेलो

हे लिहायच्या आधी दादाला विचारलं. तो म्हणाला, लिही, पण दत्तक बाळ मिळवून देतो म्हणून ज्यानं आपल्याला फसवलं त्या माणसाचं नाव नको, तपास चालू आहे. आणि पैशांपेक्षा वर्ष कसं गेलं ते लिही.

दादा-वहिनी न्यू जर्सीत असतात, दोघंही आता अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्डवाले, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना आपलं सरकार देतं ते कार्ड. आयव्हीएफच्या चार खेपा फुकट गेल्यावर वहिनीनं एकदा फोनवर सांगून टाकलं, "बास झालं. दत्तक घेतोय, आणि भारतातलंच बाळ घेतोय." आईनं दुसऱ्याच दिवशी सोनाराकडून चांदीचे वाळे आणले. एवढेसे, दोन बोटं जेमतेम जातील असे.

परदेशातल्या जोडप्याचा मार्ग सरळ पण लांब आहे. दत्तकाचं काम बघणारी आपली सरकारी संस्था म्हणजे 'कारा'; तिनं मान्यता दिलेल्या, त्या देशातल्या एजन्सीकडे जायचं. तिथली समाजसेविका घरी येऊन अहवाल करते, मग काराच्या पोर्टलवर नोंदणी, मग रांग. ओसीआयवाल्यांना रांगेत इथल्या जोडप्यांच्या बरोबरीनंच धरतात, पण तान्ह्या बाळासाठी ती रांग तीन वर्षांच्या वर जाते. दादानं एजन्सीचा फॉर्म भरून ठेवला होता. पाठवायचा तेवढा बाकी होता.

इथे घोळ मी घातला. कराडला एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या बाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, तीन वर्षं कशाला? आमच्या ओळखीचे एक साहेब आहेत, त्यांनी दोघा-तिघांची कामं केलीत." आपल्याकडे गॅसच्या नंबरापासून कॉलेजच्या ॲडमिशनपर्यंत ओळख लागते, मग हे तरी तिच्याशिवाय कसं होणार, असं मला खरंच वाटलं. नंबर घेतला.

साहेब साताऱ्यात एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात भेटले. पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का, हातात प्लॅस्टिकची फाइल. चहा त्यांनीच सांगितला, पैसेही त्यांनीच दिले. बोलणं मऊ. "पोर्टलवर नोंदणी मुळीच करू नका. एकदा नाव चढलं की रांगेत अडकलात. मी नाव न चढवता संस्थेतून थेट देतो." या एका वाक्यात आमचा सगळा तोटा होता, आणि मला तेच सगळ्यात पटलं. दादानं भरलेला फॉर्म टेबलाच्या खणात टाकला.

पहिले दीड लाख 'संस्थेला देणगी' म्हणून गेले. मग एका मुलीचा फोटो आला. चार महिन्यांची, टाळूवर तेल चोपडलेली, गालाला तीट. वहिनीनं तो फोनच्या स्क्रीनवर लावला. त्या फोटोत मागे भिंतीवर कॅलेंडर होतं, आणि त्यावरची अक्षरं तेलुगू होती. संस्था तर म्हणे आपल्याच जिल्ह्याशेजारची. मी विचारलं. "नर्स तिकडची आहे," साहेब म्हणाले. मी ते मान्य केलं. मान्य करायचंच होतं मला.

पुढे अशोकस्तंभ छापलेलं 'मंजुरीपत्र' आलं, त्याबरोबर दोन लाखांची मागणी. पत्रावर काराचा पत्ता मुंबईचा होता. काराचं ऑफिस दिल्लीत आहे, हे काराच्या वेबसाइटवर कुणालाही दिसतं. पैसे तीन वेगवेगळ्या माणसांच्या यूपीआयवर मागितले, संस्थेच्या खात्यावर एकदाही नाही. शेवटचे साठ हजार तर रात्री साडेअकराला गेले: बाळाला कावीळ झालीय, काचेच्या पेटीत ठेवलंय. आई देवापाशी बसली. वहिनी तिकडे ऑफिसच्या जिन्यात रडत होती. कुठल्या दवाखान्यात, हे विचारायचं कुणालाही सुचलं नाही.

वहिनीनंच शेवटी गाठ सोडवली, तीही नकळत. बाळाच्या व्हिसाचं काय करायचं ते विचारायला तिनं त्या अमेरिकन एजन्सीला फोन केला. पलीकडची बाई जरा थांबून म्हणाली, "कुठलं बाळ? तुमचा तर गृहभेट अहवालही झालेला नाही." मग तिनं समजावून सांगितलं. एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक देण्याचे नियम घालणारा हेग करार आहे; भारत २००३ मध्ये आणि अमेरिका २००८ मध्ये त्यात आली. त्यामुळे अमेरिका आधी आई-बाप होऊ पाहणाऱ्यांची पात्रता तपासते, मग बाळ ठरतं, मग त्या बाळासाठी अर्ज, आणि दत्तकाचा आदेश त्याच्याही नंतर. आधी बाळ ताब्यात घेऊन मागून कागद करू म्हटलं तर व्हिसा मिळत नाही. इकडेही काराच्या ना-हरकत पत्राशिवाय बाळाचा पासपोर्ट होत नाही. म्हणजे साहेबांनी खरोखर बाळ आणून दिलं असतं, तरी ते साताऱ्यातच राहिलं असतं.

मी जिल्हा बाल संरक्षण कक्षात गेले. तिथल्या बाईंनी काराच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडली. ती संस्था त्यात नव्हती. त्यांनी विचारलं, "ताई, बाळ प्रत्यक्ष दाखवलं का त्यांनी?" मी नाही म्हटलं. "मग सुटलात." बाल न्याय कायद्यातलं कलम ८० प्रक्रिया डावलून बाळ देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. कलम ८१ बाळाच्या खरेदी-विक्रीचं, त्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. आम्ही 'देणगी' म्हणत होतो त्याला कायदा काय म्हणतो, ते मला तिथल्या लोखंडी खुर्चीवर बसल्यावर कळलं. खऱ्या मार्गात परदेशातल्या जोडप्याला संस्थेसाठी पाच हजार डॉलर भरावे लागतात, तेही बाळ स्वीकारल्यावर, संस्थेला, पावतीसकट.

तक्रार करायला दादा आठवडाभर तयार नव्हता. आपणच अडकू, पुढे नोंदणीच नाकारतील, ही भीती. या धंद्यातली माणसं जगतात ती आपल्या याच भीतीवर. शेवटी ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला, पोलीस ठाण्यात जबाब दिला, सगळे मेसेज आणि पावत्या दिल्या. पैसे गेले की पहिल्या काही तासांतच हा फोन करायचा असतो. आम्ही अकरा महिन्यांनी केला. एका खात्यात अडतीस हजार गोठवले गेले, बाकीची खाती रिकामी. साहेबांचा फोन बंद. लग्नातल्या बाई म्हणतात, मी तर फक्त नंबर दिला.

फोटोतली ती मुलगी कुणाची, हे अजून कळलेलं नाही. वहिनीनं स्क्रीन बदलला, फोटो पुसला नाही.

आता त्या वर्षाचं. दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर चालत नाही. फॉर्म भरला तेव्हा दादा ४३ चा, वहिनी ४१ ची. बेरीज ८४, बसत होती. साहेबांच्या नादात दोघांचेही वाढदिवस झाले. एक वर्ष गेलं की बेरजेत दोन वाढतात, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हतं. खणातला फॉर्म बाहेर काढला तेव्हा बेरीज ८६ झाली होती. आता त्यांची नोंदणी दोन ते चार वर्षांच्या मुलांच्या गटात आहे, तिथली मर्यादा ९०. गृहभेट झाली, नाव रांगेत लागलं.

वाळे मोडीत घालावेत का, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, राहू देत, पोराच्या पायाचं माप कळलं की हेच देऊन मोठे करून घेऊ.