अब्रामापुढचे दोन मार्ग : करार आणि खटपट

बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या १५व्या आणि १६व्या अध्यायांत, अब्रामाला संतती देण्याच्या देवाच्या एकाच वचनापुढचे दोन मार्ग लागोपाठ दिसतात. पहिल्यात तीन वर्षांची कालवड, शेळी आणि एडका मधोमध चिरून समोरासमोर मांडले आहेत. करार करणाऱ्याने त्या तुकड्यांमधून चालत जायचे, म्हणजे शब्द मोडल्यास आपलीही हीच गत होवो असे मान्य करायचे. पण अब्रामाला गाढ झोप लागते आणि धुमसती भट्टी व जळती मशाल एवढीच त्या तुकड्यांमधून जाते. कराराचा सगळा भार देव एकटा उचलतो. माझ्या मते कृपेचा अर्थ त्या झोपेत सामावला आहे. त्याआधी अब्रामाने मांसावर झडप घालणारे पक्षी तेवढे हाकलले होते.

दुसऱ्या मार्गात वाट पाहून थकलेली अब्रामाची पत्नी साराय, मूल व्हावे म्हणून, आपली मिसरी (इजिप्तची) दासी हागार त्याला देते आणि वयाच्या ८६व्या वर्षी त्याला इश्माएल होतो. हा उपाय व्यवहाराला धरून होता, म्हणूनच अधिक फसवा. त्यातून घरात तंटा शिरला आणि त्याची झळ बसली ती जिला कुणी विचारलेही नव्हते त्या दासीला. तिचे दुःख देवाने ऐकले, हेही विसरता कामा नये. वचनाचा पुत्र इसहाक मात्र अब्राहाम (अब्रामाचेच पुढचे नाव) १०० वर्षांचा असताना, मानवी उपाय सगळे संपल्यावर जन्मला.