सरळ उपदेश की भारूड?

गावच्या सप्ताहात व्यसनावर गाणं म्हणायचंय. सरळ सांगावं की हसवत? मराठवाड्यात हा प्रश्न पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकातच सोडवलाय.

सरळ उपदेश लिहायला सोपा. टाळावर बसतो, अर्थाचा घोटाळा नाही. पण ‘दारू वाईट’ हे पिणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. दुसऱ्या कडव्याला तो तंबाखू मळायला लागतो.

भारूड म्हणजे सोंग घेऊन, हसवत म्हटलेलं रूपकाचं गाणं. त्याची गत निराळी. नाथांच्या ‘रोडगा वाहीन तुला’मधली सून भवानीला नवस बोलते: सासरा गावी गेलाय, त्याला तिकडंच खपव. मांडव खदखदतो. मग सासूची पाळी, मग जावेची, नणंदेच्या पोराची. शेवटी मागणं काय, तर ‘एकटीच राहू दे मला’. हसता हसताच उमगतं, की सासर म्हणजे प्रपंचाचा गोतावळा आणि ते एकटेपण म्हणजे मुक्ती. इथं विनोद म्हणजे वरून दिलेली फोडणी नव्हे. तो काढला तर गाणंच उरत नाही.

जोखीम आहेच. सोंग घेणारा कच्चा असला, तर लोकांना लुगडं नेसलेला बाप्या तेवढा आठवतो. आणि दारुड्याऐवजी त्याच्या बायकोचं हसं झालं, तर गाणं फसलंच.

दुखवट्याला अभंगच बरा. सप्ताहाला मात्र मी भारूडच लिहीन, सोंगाड्या तेवढा पक्का पाहिजे.