जुन्या जी. आय. जो फिगर्सची दुरुस्ती : गणपती पेठेतील एका कारागिराचे काम

सांगलीत गणपती पेठेच्या एका बोळात घड्याळे आणि चष्मे दुरुस्त करणारे छोटेसे दुकान आहे. तेथील कारागीर जुन्या खेळण्यांचेही काम घेतात, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि निम्मे शहर पाण्याखाली गेले, तेव्हा आमची खेळण्यांची ट्रंकही गाळात बुडाली. तिच्यातील फनस्कूल या खेळणी कंपनीच्या जी. आय. जो फिगर्स, म्हणजे हातपाय हलवता येणारे छोटे खेळण्यातले सैनिक, वरवर धुऊन ठेवल्या होत्या. पुढे त्या कमरेत ढिल्या पडल्या आणि काहींचे पायच सुटून आले. अखेर त्या या दुकानात दिल्या.

हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीने १९८२ मध्ये आणलेल्या या पावणेचार इंची फिगरची रचना ज्याला कळली नाही, त्याच्या हाती ती देऊ नये. छाती आणि पाठ असे दोन भाग पाठीवरच्या एकाच स्क्रूने जोडलेले असतात. आत एक ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, छातीतल्या खुंटाला अडकवून खाली दोन्ही पाय धरणाऱ्या धातूच्या आकड्यात ओवलेली असते. वर्षानुवर्षांत हे रबर कडक होऊन तुटते, एवढाच बहुतेक वेळा बिघाड असतो. मात्र तिथवर पोहोचायचे तर स्क्रू निघावा लागतो, आणि आमचे स्क्रू गंजून प्लॅस्टिकला घट्ट धरून बसले होते.

याच ठिकाणी या कारागिराचे कसब दिसले. त्यांनी भिंगाखाली स्क्रूच्या फुलीतला गाळ सुईने कोरून काढला, गंज सोडवणाऱ्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब सोडला आणि बरोबर मापाचा पेचकस लावून पाहिला. स्क्रू हलत नाही असे दिसताच हात आखडता घेऊन ते म्हणाले, “साहेब, हा आज निघणार नाही. ठेवून जावा.” जोर लावला असता तर फुली घासली असती किंवा प्लॅस्टिकमधले आटे गेले असते, आणि मग पाठ फोडण्यावाचून मार्ग उरला नसता. नंतर स्क्रू निघाला तेव्हा छातीच्या पोकळीत पुराचा गाळ वाळून चिकटलेला होता. तो ब्रशने आणि साबणाच्या कोमट पाण्याने काढला. ॲसिटोनला त्यांनी हातही लावला नाही, कारण त्याने रंगाबरोबर प्लॅस्टिकही विरघळते.

रंगाबाबतचा त्यांचा आग्रह मला विशेष पटला. फनस्कूलच्या अनेक फिगर्सची रंगसंगती मूळ अमेरिकी फिगर्सपेक्षा वेगळी आहे आणि संग्राहकांना तिचेच मोल वाटते. त्यामुळे झिजलेल्या जागी नवा रंग देण्यास त्यांनी स्पष्ट नकार दिला.

एक उणीव सांगितली पाहिजे. पहिल्यांदा बसवलेल्या ओ-रिंगा जाड निघाल्या. त्यांच्या ताणाने कंबर आखडली होती, आणि असा ताण राहिला की दोन पायांमधला नाजूक भाग तडकतो. हे लक्षात आणून देताच त्यांनी पातळ रिंगा विनामूल्य बदलून दिल्या. तरी फिगर ताब्यात घेताना ती बसवून, कंबर फिरवून अवश्य पाहावी. तुटलेले अंगठे येथे नव्याने करून मिळत नाहीत. त्यासाठी त्याच साच्याची दुसरी मोडकी फिगर आपण मिळवून दिली, तर तिचा हात काढून बसवून देतात.