गेम बॉयवरचा डकटेल्स: दिवाळी ते पावसाळा, अमळनेर-जळगाव अपडाउनमधला अनुभव

दिवाळीत घेतलेलं मशीन पाऊस सुरू झाला तरी रोज बॅगेत आहे, म्हणजे आता लिहायला हरकत नाही. निन्टेन्डोचा मूळ गेम बॉय, १९८९ चं करडं, जाडजूड मॉडेल. त्यात कार्ट्रिज, म्हणजे मागे खोचायची खेळाची डबी, एकच: कॅपकॉमचा डकटेल्स, १९९० चा. दोन्ही सेकंडहँड, मिळून ९,००० च्या आसपास पडले. आमच्या पिढीनं दूरदर्शनवर रविवारी सकाळी याच नावाच्या कार्टूनमधला अंकल स्क्रूज हिंदीत बोलताना पाहिला, पण हातात धरायचा गेम म्हटला की आमच्याकडे जत्रेतला तो ठोकळ्यांचा ब्रिक गेमच. गेम बॉय मी तरी तेव्हा कोणाच्या हातात पाहिला नव्हता.

आधी स्क्रीन, कारण सगळे तेच विचारतात. १६० बाय १४४ पिक्सेल, हिरवट काचेवर करड्याच्या चार छटा, आणि आत लाइट नाही. रात्री गाडीत डब्यातली ट्यूब डोक्यावर आली तरच काही दिसतं. पण खान्देशात उजेडाला काय तोटा! खिडकीतून ऊन आलं की स्क्रीन अशी स्वच्छ दिसते की शेजारच्याचा मोबाइल त्यापुढे काळा ठिक्कर. मोबाइलवाला हातानं सावली करत बसतो, आपण आरामात खेळतो. वैशाखात मात्र वेगळीच गंमत झाली. पारा ४४ च्या वर गेला की सगळी स्क्रीन गडद पडते, स्क्रूज आणि मागची भिंत एकच दिसायला लागतात. बिघाड नाही, या जातीची एलसीडी तापली की काळवंडतेच. डाव्या कडेला कॉन्ट्रास्टचं चाक आहे, ते जरा खाली फिरवायचं. एप्रिल-मे मी सकाळी एका जागी आणि परतीच्या गाडीत दुसऱ्या जागी ठेवत होतो.

दुसरा दोष जुनाच आहे. पटकन हललेली वस्तू मागे शेपूट सोडते. ट्रान्सिल्व्हेनियाच्या लेव्हलमध्ये अंगावर काही झेपावलं की ते खरं कुठे आहे आणि त्याची सावली कुठे, हे अंदाजानं ठरवावं लागतं. सवय होते, पण आवडत नाही.

आता खेळ. ॲमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र अशा पाच जागा; सुरुवात कुठूनही करा. प्रत्येक ठिकाणी एक मोठा खजिना आणि त्यावर बसलेला बॉस, म्हणजे शेवटचा दांडगा शत्रू. पाचही झाले की परत ट्रान्सिल्व्हेनियात शेवटची मारामारी. एवढंच. कागदावर वाचलं तर यात काही दम वाटत नाही.

दम आहे तो स्क्रूजच्या काठीत. उडी मारायची, हवेतच काठी पायाखाली धरायची, की म्हातारा टणाटण उड्या मारत सुटतो. शत्रूच्या डोक्यावर, काट्यांवर, दगडावर, कुठेही. नुसती उडी आखूड पडते, काठीची उंच जाते. म्हणून प्रत्येक जागा दोनदा वाचावी लागते, एकदा पायानं आणि एकदा काठीनं. काट्यांच्या पट्ट्यावरून उड्या मारत पलीकडे जाताना अंगठा बटणावरून सुटला की संपलं, आणि तो नेमका पाळधीला गाडी ब्रेक मारते तेव्हाच सुटतो. काही हिरे असे की त्या जागी गेल्याशिवाय दिसतच नाहीत, गेलं की हवेत उगवतात. त्यामुळे लेव्हल पाठ झाली तरी कोपरे चाचपायची खोड जात नाही. आजकालच्या गेममध्ये बटणं डझनभर आणि मजा पाव किलो. इथे दोन बटणांत काम आहे.

सेव्हची सोय नाही, पासवर्डही नाही. बंद केलं की सगळं पाण्यात. घरी हे चीड आणणारं आहे, पण अपडाउनला बरोबर बसतं. हात बसलेला असेल तर अमळनेरहून निघून जळगाव यायच्या आत खेळ पुरा होतो. नसेल तर सुरुवातीला सोपा मोड निवडा, लाज बाळगू नका. एकदा समोरच्या बाकावरचे काका बराच वेळ बघून म्हणाले, "काय भो, रेडिओ आहे का हा? स्टेशन काही लागेना वाटतं." त्यांच्या हातात दिला. धरणगाव येईपर्यंत परत मिळाला नाही.

आवाजाबद्दल एकच सांगतो. स्पीकर एकच आणि बारीक, पण इअरफोन लावला की आवाज स्टिरिओ होतो, आणि चंद्राच्या लेव्हलची धून ऐकायला तो लावाच. त्या धुनेसाठी मी कधीकधी चंद्रच आधी घेतो.

कटकट मशीनची. विकणाऱ्यानं "वर्किंग कंडिशन" लिहिलं होतं. आलं तेव्हा स्क्रीनवर उभ्या रेघा गायब. फोन केला तर "जुनं आहे, एवढं चालतंच." या मॉडेलचा हा नेहमीचा आजार आहे, काचेखालच्या पट्टीचा जोड सुटतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या एका मोबाइल रिपेअरवाल्या पोरानं तीन पाकळ्यांच्या स्क्रूचा बिट शोधून काढला, मागचं झाकण उघडलं, पट्टीवरून हलक्या हातानं सोल्डरिंग गन फिरवली आणि रेघा एकेक करत परत आल्या. पैसे चहापुरते घेतले. तेव्हा घेण्याआधी सुरू मशीनचा व्हिडिओ मागा, कॉन्ट्रास्ट वाढवून स्क्रीन पूर्ण गडद केलेली असतानाचा.

कार्ट्रिज घेताना मागचा स्क्रू बघा. अस्सल असेल तर साधा प्लसचा स्क्रू नसतो. डकटेल्सच्या नकला बाजारात भरपूर फिरतात. खेळ सुरू झाला नाही तर तोंडानं फुंकू नका, थुंकी बसून पिना गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड, बस्स.

पेन्सिल सेल चार लागतात. मी चार्जिंगचे वापरतो. लाइट गेली तरी अडत नाही आणि खर्चही परवडतो, मात्र लाल दिवा मंद व्हायला लागला की फार वेळ उरत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत मशीन कपाटात टाकणार असाल तर सेल आधी काढा. आमच्या गरमीत ते पाझरले तर आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात, मग व्हिनेगर घेऊन घासत बसावं लागतं.